सोमवारची साक्ष

"हा कागद कुणाचा?" उंबरजे मॅडमनी बाकाखाली वाकून एक चिठोरं उचललं आणि वर धरलं.

माझ्या पुढच्या बाकावरची अंबिका येमूल उभी राहिली. "माझा आहे, मॅडम."

"अक्षर?"

"तेही माझंच. पण ती कॉपी नाही. अंगाऱ्याची पुडी आहे ती."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी कागद उलगडला. त्यावर बारीक अक्षरात मृत्युपूर्व जबानीचं कलम होतं, खाली दोन निवाड्यांची नावं. आणि आमच्या हातातल्या प्रश्नपत्रिकेतला पहिलाच प्रश्न मृत्युपूर्व जबानीचा होता.

"अंगारा बराच अभ्यासू दिसतोय," असं म्हणून मॅडमनी तिची उत्तरपत्रिका काढून घेतली.

मी उभी राहिले. "मॅडम, मी पाहिलंय," असं म्हणाले. म्हणजे मला वाटलं, मी म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, "माळगेबाईंना पुरवणी द्या." माझ्या हातात पुरवणी आली. अंबिका दप्तर उचलून वर्गाबाहेर गेलीसुद्धा.

माझा आवाज लहानपणापासून असाच. वर्गातली पोरं मला काकू म्हणत आणि मी काही विचारायला उठले की मागून हमखास यायचं, "काकू, व्हॉल्यूम." सोलापुरातल्या त्या लॉ कॉलेजात सकाळच्या वर्गाला मी नाव घातलं, तेव्हा माझी लेक बिदरला सासरी नांदत होती. आमच्या घरी सगळे हसले होते. आमचे हे कापडदुकानात बसणारे, रोज शंभर माणसांशी बोलणारे. म्हणाले, "शिवलीला, वकिली म्हणजे गळ्याचं काम. तुझं बोलणं मला शेजारी बसून ऐकू येत नाही, जज्जाला काय ऐकू जाणार?" पण फी त्यांनीच भरली.

माझा दिवस इष्टलिंगाच्या पूजेनं सुरू होतो. डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. आणि श्रावणातल्या सोमवारी मौन, सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत. हे मौन मला माझ्या सासूबाईंनी, अव्वांनी दिलेलं. बाकीच्या बायका म्हणत, कसं जमतं बाई तुला. मला ते अवघड कधी वाटलंच नाही. उलट वर्षभरात तेवढेच दिवस असे असत, की मी गप्प बसले तरी कुणी नावं ठेवत नसे.

पेपर संपल्यावर अंबिका मला पायऱ्यांवर सापडली. रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"काकू, अम्मानं केलं हे," ती म्हणाली. "काल मार्कंडेयाच्या देवळात गेली होती माझ्या पेपरसाठी. अंगारा बांधायला कागद हवा होता, तर माझ्या कच्च्या वहीचं पान फाडलं. तिला फक्त तेलुगू येतं, तेही बोलण्यापुरतं. तिला काय माहीत त्यावर कलम आहे? मीही न बघता घेतली पुडी. कपाळाला लावली, कंपासपेटीखाली ठेवली, ती कधी खाली पडली तेही कळलं नाही."

"हे सगळं प्राचार्यांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी अकराला चौकशी आहे, तिथे सांग. दोषी ठरले तर कॉलेजातून नाव काढणार." तिनं ओढणीचं टोक परत बोटाला गुंडाळलं. "बाबांनी आधीच सांगून ठेवलंय. कॉलेज सुटलं की भिवंडीला, दादाकडे. तिथे एक स्थळ बघून ठेवलंय. मुलाचे स्वतःचे माग आहेत म्हणे."

"तुला नकोय?"

"मला पुरावा कायदा हवाय, काकू," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

मी थेट काझीसरांकडे गेले. सर कोर्टात वकिली करून आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवायचे. कुणी काहीही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न असे, अगदी चहा गार आहे असं म्हटलं तरी. मलाही त्यांनी तेच विचारलं.

"पाहिलं की ऐकलं?"

"पाहिलं, सर."

"काय पाहिलं? अंबिकानं काय सांगितलं ते नको. तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं?"

"प्रश्नपत्रिका वाटायच्या आधी ती बाकावर बाजूला वळून बसली होती, तेव्हा तिनं पुडी उघडली. चिमूटभर कपाळाला लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली. पुडी परत बंद केली आणि कंपासपेटीखाली ठेवली. तिचं बघून मीही गळ्यातल्या लिंगाला हात लावला, म्हणून लक्षात राहिलं."

सर खुर्चीत ताठ झाले. "मग बाई, झालं की काम. सोमवारी या आणि एवढंच सांगा."

"श्रावण आहे, सर. सोमवारी माझं मौन असतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आज लिहून दिलं तर चालेल?" मी विचारलं.

"कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. ते म्हणतील, बाईंना दया आली, घरी बसून चार ओळी लिहिल्या. साक्षीदार समोर हवा. त्याचा चेहरा दिसायला हवा." सर खिडकीपाशी जाऊन परत आले. "मौन सोडा, असं मी म्हणणार नाही. ते मला शोभणार नाही. असं करू. तुम्ही तुमच्या घरी विचारा, मी माझ्या पुस्तकाला विचारतो."

घरी मी हे सगळं जेवताना सांगितलं. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्यात काय एवढं? देवाला सांग, हा सोमवार पुढच्या आठवड्यात घेते. देव काय नोटीस पाठवणार आहे?"

"दुकान एक दिवस उधारीवर चालव म्हटलं तर चालवशील?" अव्वा त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. अव्वांची नजर तेव्हा मंदावली होती, पण त्या बघत मात्र थेट माणसाच्या आत. "तुला काय वाटतंय?"

"पोरीचं आयुष्य आहे, अव्वा. मोडावं लागलं तर मोडीन."

"आणि न मोडता झालं तर बरं, असं वाटायलंय ना? देवासाठी की तुझ्यासाठी?"

भरल्या सभेत उभं राहून बोलायचं या कल्पनेनंच माझ्या तोंडचा घास फिरत होता, हे त्यांना दिसलं होतं. मौन आड आलं याचं मला वाईट वाटत होतं, आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं. ते बरं वाटणंच मला खुपत होतं.

"मी तुला मौन दिलं ते तोंडाचं," अव्वा म्हणाल्या. "डोळ्यांचं नाही दिलं आणि हाताचंही नाही. सोमवारी तू स्वयंपाक करतेसच की. मीठ संपलं की पाटीवर लिहून ह्याला वाण्याकडे पाठवतेस. तेव्हा देव रागावला नाही."

"पण ते लिहिणं चालतं का, हे कायद्यानं ठरवायचंय."

"मग कायद्याला विचार. माझ्याकडचं झालं."

सोमवारी पूजा आटोपून मी कॉलेजात गेले तेव्हा काझीसर फाटकातच उभे होते. हातात जाड पुस्तक, त्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. मला बघून त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं आणि हसले. "पुस्तक हो म्हणतंय. तुमच्या घरचं काय?"

मी होकारार्थी मान हलवली.

चौकशी सरावाचे खटले चालवायच्या मूट कोर्टाच्या खोलीत होती. म्हणजे साधा वर्गच, पण एका बाजूला न्यायाधीशाचं उंच टेबल, त्यावर काळं कापड, आणि प्लायवूडचा साक्षीदाराचा पिंजरा. टेबलामागे प्राचार्य मोहोळकर आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे विश्वस्त कासवाशेठ. मोहोळकरसरांचा आवाज असा, की ते ऑफिसात शिपायाला हाक मारत तेव्हा रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघत. अंबिका एका कोपऱ्यात उभी होती. तिचे वडील दाराशी, चपला हातात घेऊन.

उंबरजे मॅडमनी सांगितलं ते सरळ होतं. कागद अंबिकाच्या पायाशी पडला होता, त्या वेळी ती खाली वाकलेली होती, अक्षर तिचं असल्याचं तिनंच कबूल केलं. अंबिकानं आपली हकीकत सांगितली. कासवाशेठ म्हणाले, "आम्ही देवाला मानतो, म्हणून काय कुणीही देवाला पुढे करायचं?" मग गिड्डे नावाचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ती नेहमीच कॉपी करते सर, सगळे म्हणतात." भिंतीशी उभे असलेले काझीसर नुसते खोकले. गिड्डे बसला.

"आणखी कुणी?" मोहोळकरसरांनी विचारलं.

मी उठून पिंजऱ्यापाशी गेले. काझीसरांनी माझ्या मौनाचं सांगितलं आणि ही बाई फळ्यावर लिहून साक्ष देईल, असं म्हणाले.

"हे काय नवीन?" कासवाशेठ म्हणाले. "बाईंना बोलता येतं. बोलत नाहीत. हे मुकेपण नव्हे, हा हट्ट झाला."

काझीसरांनी पुस्तक उघडलं. "कलम एकशे एकोणीस. बोलण्यास असमर्थ असलेला साक्षीदार लिहून किंवा खुणा करून साक्ष देऊ शकतो. अट एवढीच, लिहायचं ते भर कोर्टात, सगळ्यांदेखत. अशी साक्ष तोंडीच धरली जाते. आणि धार्मिक मौनव्रत घेतलेल्यालाही हे कलम लागू पडतं, असा जुना निवाडा आहे. हा बघा."

"पण असमर्थ कुठे? गळा शाबूत आहे की."

"शेठ, रमजानमध्ये मी कोर्टात उभा असतो. समोर टेबलावर पाण्याचा ग्लास असतो, माझा गळाही शाबूत असतो. तरी तुम्ही मला पी म्हणालात तर मला पिता येत नाही. मी पीत नाही, असं म्हणा हवं तर. पण मला विचाराल तर मला येत नाही."

कासवाशेठ जैन होते, त्यांच्या घरीही पर्युषणाचे उपास होत. ते पुस्तक बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं. लिहू द्या."

काझीसरांनी दार सताड उघडायला लावलं, कारण भर कोर्टात म्हणजे भर कोर्टात. व्हरांड्यात पोरं जमली. मी खडू घेतला.

"फळ्यावरचं मी मोठ्यानं वाचीन, म्हणजे टिपून घेता येईल," मोहोळकरसर म्हणाले.

मी लिहिलं. आणि खोलीत त्यांचा तो आवाज घुमला, "मी अंबिकाच्या मागच्या बाकावर बसले होते."

व्हरांड्यात हशा पिकला. मोहोळकरसरही क्षणभर थबकले, पण वाचत राहिले. "प्रश्नपत्रिका मिळण्याआधी तिने पुडी उघडलेली मी पाहिली. करडी राख होती. तिने ती कपाळाला लावली. जिभेवर ठेवली. पुडी बंद करून कंपासपेटीखाली ठेवली."

मी लिहीत होते आणि माझेच शब्द भिंतींवर आपटून परत माझ्या कानांवर येत होते. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात कधी काही बोलले नव्हते.

"ती राख म्हणजे अंगारा होता, हे तुम्हाला अंबिकानं सांगितलं?" काझीसरांनी विचारलं.

मी लिहिलं, "तिने सांगितले ते ऐकीव. मी राख पाहिली."

मग मी टेबलावरच्या त्या कागदाकडे बोट दाखवलं. मॅडमनी तो मला दिला. मी रोज विभूतीच्या पुड्या बांधते, शेजारणींना देते, लेकीला पाठवते. कागदावर घड्या होत्याच, मला एकही नवी घालावी लागली नाही. तिरकी, मग दोन्ही बाजूंनी, मग वरचं टोक आत. कागद आपणहून मिटल्यासारखा मिटला आणि माझ्या तळहातावर पुडी उभी राहिली.

मी ती परत उलगडून टेबलावरच्या काळ्या कापडावर धरली, तेव्हा कासवाशेठ म्हणाले, "बाईंच्या बोटांना खडू आहे. खडूचीच भुकटी पडेल."

त्यांचं बरोबर होतं. मी कागद खाली ठेवला आणि उंबरजे मॅडमकडे पाहिलं. मॅडम समजल्या. पुढे आल्या, रुमालाला हात पुसले आणि कागद घेऊन टोकाच्या आतली घडी हलकेच नखानं उघडून झटकली. काळ्या कापडावर करड्या राखेची एक बारीक रेघ पडली. मॅडम वाकल्या. वास घेतला.

"ऊदाचा वास आहे, सर," त्या हळूच म्हणाल्या.

दाराशी अंबिकाच्या वडिलांनी चपला खाली ठेवल्या.

आता झालं, असं मला वाटलं. पण कासवाशेठ धंद्यातले होते, एवढ्यानं सोडणारे नव्हते. "पुडी होती, मान्य. पण कलम तर त्यावर आहेच. पेपर सुरू झाल्यावर तिनं ते वाचलं नाही, हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. अंबिकाही. एका शब्दाचं काम होतं. हो लिहिलं असतं तर संपलं असतं, आणि ते पुण्यच ठरलं असतं, असं आजही कुणी म्हणेल. मी खडू हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग लिहिलं. मोहोळकरसरांनी वाचलं, या वेळी जरा हळू. "ते मला माहीत नाही. लिहिताना मला तिची पाठ दिसत होती. हात दिसत नव्हते."

व्हरांड्यात कुजबुज झाली. अंबिकानं मान खाली घातली. काझीसर घाईनं पुढे आले. इतक्या वर्षांत मी त्यांना चुकीचा प्रश्न विचारताना त्या एकाच दिवशी पाहिलं.

"बाई, पण अंबिका प्रामाणिक मुलगी आहे, असं तुमचं मत आहे ना?"

मी फळा पुसला आणि लिहिलं, "मत विचारू नका, सर. तुम्हीच शिकवलंत."

हे वाचताना मोहोळकरसरांनाही हसू आवरलं नाही. काझीसरांनी कपाळाला हात लावला आणि परत भिंतीशी जाऊन उभे राहिले. हसणं विरल्यावर मोहोळकरसर शेजारी वळले.

"शेठ," ते शेवटी म्हणाले, "ही बाई या पोरीसाठी आली. सरांनी एवढा रस्ता करून दिला, तरी तिनं एक शब्द जादा लिहिला नाही. मग जे तिनं पाहिलं म्हणून लिहिलंय, ते मी खोटं कसं धरू?"

कासवाशेठ राखेच्या रेघेकडे बघत म्हणाले, "नाही धरता येणार."

निकाल तिथेच सांगितला गेला. तक्रार सिद्ध होत नाही, संशयाचा फायदा देण्यात येत आहे, विद्यार्थिनीनं चाचणी पुन्हा द्यावी. अंबिकाच्या वडिलांना संशयाचा फायदा म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, "राहिली ना ती कॉलेजात?" मॅडम म्हणाल्या, "राहिली. आणि पुढच्या पेपरला अंगारा डबीत आणायला सांगा." त्यांनी चपला घातल्या आणि मला लांबूनच हात जोडले.

आता त्या कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडेही. माझी जुनी पुस्तकं मी पोटमाळ्यावर ठेवलीत. एकशे एकोणीस तेवढं अजून डोक्यातून गेलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अंबिका घरी आली. मी सोप्यात वाती वळत बसले होते. अव्वांनी तिला पाट दिला, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बस. दिवा लागेपर्यंत ही बोलायची नाही. तोवर खा."

तिनं खाल्लं नाही फारसं. बोटांनी भाकरीचे तुकडे करत राहिली. मी उठले, दिवा लावला, नमस्कार केला. वळले तर ती माझ्या मागेच उभी.

"काकू, आता विचारू?"

मी मान हलवली. दिवसभराच्या सवयीनं.

"नाव राहिलं माझं. बाबा भिवंडीला फोन करून नको म्हणाले. सगळं झालं." ती थांबली. "पण संशयाचा फायदा म्हणजे संशय आहेच ना? गिड्डे फाटकात म्हणाला, सुटलीस. सुटलीस म्हणाला. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, माहीत नाही. ते बरोबरच होतं. पण आता कोर्ट नाही. काकू, तुम्हाला काय वाटतं? मी कॉपी केली?"

"नाही," मी म्हणाले.

आतून काहीतरी खडबडलं आणि हे टॉवेलला हात पुसत बाहेर आले. "काय झालं? कुणावर ओरडतेस?"

अंबिका ओंजळीत तोंड झाकून उभी होती. तिचे खांदे हलत होते आणि ती हसत होती.

"कुणावर नाही," अव्वा म्हणाल्या. "मौन सुटलं तिचं. जा, पानं घे."